रिंगिटला बावीसने गुणण्याआधी

कोल्हापूरजवळच्या उचगावहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात देते.

"मी ३५ वर्षांचा आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ११ वर्षं क्वालिटीचं काम बघतो. हातात ८५ हजार पडतात. बायको खासगी शाळेत शिकवते, तिचे २८ हजार. घराचा हप्ता २२ हजार. मुलगी चार वर्षांची. वडील गावाकडं दोन एकर ऊस करतात. मलेशियात शाह आलमला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीनं तीन वर्षांच्या करारावर १०,५०० रिंगिट महिना देऊ केले आहेत. १५ ऑक्टोबरला हजर व्हा म्हणतात. मित्र म्हणतात, 'भावा, बावीसनं गुण, सव्वादोन लाखाच्या वर जातंय, सुटलास की!' मलेशिया स्वस्त आहे असं सगळेच सांगतात. बायको गप्प आहे. वडील म्हणतात, बांधाला लागून वीस गुंठे विकायला निघालेत, तेवढे घेऊन टाक. जावं का? गेलो तर हातात खरंच किती राहील? कर इथंही भरायचा आणि तिथंही का?"

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते "बायको गप्प आहे" या तीन शब्दांसाठी. त्याकडे येतेच, पण आधी आकडे. कारण त्या माउलीच्या गप्प बसण्यामागे बहुधा हेच आकडे आहेत. तिनं ते मनात मांडून बघितले असणार.

मलेशियाचा एक रिंगिट बावीस रुपयांना धरला, तर मित्रांचा गुणाकार बरोबर आहे. १०,५०० गुणिले २२ म्हणजे २ लाख ३१ हजार. पण तो पगार रिंगिटमध्ये मिळणार आणि बराचसा रिंगिटमध्येच खर्च होणार. बावीसने गुणायचं ते महिनाअखेर उरलेल्या रकमेला. म्हणून आधी काय उरतं ते बघू.

मलेशियात कर कॅलेंडर वर्षावर, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. तिथल्या कर खात्याच्या दृष्टीनं तुम्ही 'रहिवासी' ठरलात तर टप्प्याटप्प्यानं वाढणारा कर लागतो, तोही सवलती वजा करून. तुमचा वर्षाचा पगार १,२६,००० रिंगिट. त्यातून स्वतःची सवलत ९,०००, बायकोला उत्पन्न नसेल तर तिच्यापोटी ४,०००, मुलीपोटी २,०००. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी कर्मचाऱ्यांनाही तिथला भविष्य निर्वाह निधी सक्तीचा झाला आहे, २ टक्के तुमचे आणि २ टक्के कंपनीचे. तुमच्या वाट्याचे २,५२० रिंगिटही वजा होतात. उरतात १,०८,४८०. पहिल्या एक लाखावर ९,४०० कर आणि वरच्या ८,४८० वर २५ टक्क्यांनी २,१२०. एकूण ११,५२०, म्हणजे महिन्याला ९६० रिंगिट. निधीचे २१० आणि तिथल्या सामाजिक सुरक्षेचे तीसेक धरले तर हातात ९,३०० पडतात. पगाराच्या मानानं हा कर जड नाही.

पण तुम्ही 'रहिवासी' ठरला नाहीत, तर सरसकट ३० टक्के. एकही सवलत नाही. वर्षाला ३७,८०० रिंगिट, महिन्याला ३,१५०. तोच माणूस, तेच काम, फरक फक्त दिवसांच्या मोजणीचा.

माझ्या मावसभावाची गोष्ट सांगते, म्हणजे हे नुसतं पुस्तकी वाटणार नाही. तो २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिकडं गेला, ८,००० रिंगिटवर. पुढच्या महिन्यात त्याची बायको शाहूपुरीत माझ्या ऑफिसात आली. फोनवर त्याच्या पगाराच्या चिठ्ठीचा फोटो होता. तिनं दोन बोटांनी तो मोठा करून माझ्यापुढं धरला. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "ताई, हे काय कापलंय?" २,४०० रिंगिट कापले होते. हातात ५,६००. कंपनीनं आधी सांगितलं नव्हतं, यानं विचारलं नव्हतं. इथं घराचा हप्ता ३१ हजारांचा, आणि तो तिथल्या पगाराच्या भरवशावर ठरवलेला. पाच महिने तिनं तो हप्ता माहेरून उसने आणून भरला. कापलेले जादा पैसे नंतर परत मिळाले, पण पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर. त्या पाच महिन्यांत तिनं दोन बांगड्या मोडल्या. त्या परत झालेल्या नाहीत.

असं का होतं? तर माणूस १८२ दिवस देशात राहीपर्यंत पुष्कळ कंपन्या परदेशी कर्मचाऱ्याचा कर ३० टक्क्यांनीच कापतात. म्हणून पहिले सहा महिने हातात ७,१०० च्या आसपास धरूनच चाला. तिथं महिन्याच्या करकपातीला 'पीसीबी' म्हणतात. कंपनीला मेलवर विचारा, पहिल्या महिन्यापासून माझा पीसीबी कुठल्या दरानं कापणार? उत्तर लेखी घ्या. आणि जाण्याआधी इथं निदान सहा हप्त्यांचे पैसे, म्हणजे १ लाख ३२ हजार, बाजूला काढून ठेवा. त्याला हात लावायचा नाही.

आता तारीख. तुमच्या सगळ्या प्रकरणात सर्वांत महागडी गोष्ट मला १५ ऑक्टोबर ही तारीख वाटते.

आपल्याकडं वर्ष एप्रिल ते मार्च. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात राहिला, तर तो त्या वर्षापुरता इथला रहिवासी, आणि जगात कुठंही मिळवलेलं त्याचं उत्पन्न इथं करपात्र. १ एप्रिलपासून मोजा. ऑगस्टअखेर १५३ दिवस होतात. २८ सप्टेंबरला विमानात बसलात तर १८१. दोन दिवस उशीर केलात तर १८३, आणि रहिवासी झालात. १५ ऑक्टोबरला गेलात तर तिथं मार्चपर्यंत मिळणारा साडेपाच महिन्यांचा पगार, साधारण पावणेतेरा लाख रुपये, तुमच्या इथल्या साडेपाच लाखांत मिसळणार. नव्या करप्रणालीनं त्यावर दीड लाखाच्या वर कर येतो. भारत आणि मलेशियात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यामुळं तिथं भरलेला कर इथल्या करातून वजा मिळतो. पण पहिल्या वर्षी तिथले महिने थोडे, सवलती पूर्ण, म्हणून तिथला करही थोडा. वजावट मिळूनही पाऊण लाखाच्या पुढंच भुर्दंड बसेल असं मला दिसतं.

उलट वेळेत निघालात तर त्या वर्षी तुम्ही अनिवासी. इथं कर लागला तर फक्त इथल्या पगारावर. एप्रिलपासून १० सप्टेंबरपर्यंतचा तुमचा पगार साडेचार लाखांच्या आसपास. ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की तो चार लाखांच्या खाली येतो आणि कर शून्य. (अनिवासी माणसाला बारा लाखांपर्यंतची ती सूट मिळत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. गावाकडं सगळे "बारा लाखापर्यंत काय नाय" असं म्हणतात, ते रहिवाशांपुरतं खरं आहे.)

मी १० सप्टेंबर का म्हणते? कारण दुसरीकडून मलेशियाचा नियम येतो. सप्टेंबरमध्ये गेलात तर डिसेंबरपर्यंत तिथले १८२ दिवस भरत नाहीत. पण त्यांच्या कायद्यात एक वाट आहे. यंदाचे तुमचे दिवस पुढच्या वर्षाच्या सलग १८२ दिवसांना जोडलेले असतील, तर यंदाही तुम्ही रहिवासी धरले जाता. म्हणजे पुढच्या जूनअखेरपर्यंत, खरं तर जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, तिथंच राहायला हवं. मधल्या काळात कंपनीच्या कामासाठी बाहेर गेलात किंवा स्वतः वा जवळचं माणूस आजारी पडलं म्हणून आलात तर ते चालतं. नुसतं घरी भेटायला येणं सगळं मिळून १४ दिवसांपुरतंच चालतं.

आता दोन्ही नियम एकावर एक ठेवा. १० सप्टेंबरपर्यंत भारतातले दिवस होतात १६३. दिवाळीला १४ दिवस आलात, येण्याजाण्याचे दिवस धरून, तर १७७. इथंही अनिवासी, तिथंही रहिवासी. चार दिवस हाताशी उरतात. २८ सप्टेंबरला निघालात तर मात्र मार्चपर्यंत एक दिवसही घरी येता येणार नाही. घरी साठीच्या पुढचे आई-वडील असताना असं गणित मी कुणाला करू देणार नाही. म्हणून कंपनीला आजच विचारा, पाच आठवडे आधी आलो तर चालेल का. त्यांना माणूस हवाच आहे, बहुतेक 'हो' म्हणतील. पासचे, म्हणजे तिथल्या नोकरीच्या परवान्याचे, कागद तोपर्यंत होत नसतील तर निदान खरं चित्र तुमच्यासमोर असेल.

पासपोर्टवर येण्याजाण्याचे शिक्के नीट उमटलेत का ते प्रत्येक वेळी बघा. बोर्डिंग पासही टाकून देऊ नका. दिवस मोजायची वेळ येते तेव्हा पुरावा हाच असतो.

आता 'मलेशिया स्वस्त' याविषयी. स्वस्त आहे, पण कुणाच्या मानानं? सिंगापूरच्या मानानं फारच स्वस्त. लंडनहून आलेल्या माणसाला तर तो स्वर्ग वाटतो. पण उचगावात स्वतःच्या घरात राहणाऱ्या, आईच्या हातचं जेवणाऱ्या, दुचाकीवरून वीस मिनिटांत शिरोली गाठणाऱ्या माणसाच्या मानानं ते स्वस्त नाही. परदेशी राहणाऱ्यांसाठी स्वस्त देशांच्या याद्या निघतात, त्या कोल्हापूरच्या माणसाला समोर ठेवून निघत नाहीत.

शाह आलम किंवा शेजारच्या क्लांग भागात तीन खोल्यांचा बरा फ्लॅट १,८०० रिंगिटच्या आसपास धरा. घर घेताना दोन महिन्यांचं भाडं अनामत, अर्ध्या महिन्याचं विजेपाण्यासाठी आणि एक महिन्याचं आगाऊ, असं साडेतीन महिन्यांचं भाडं एकदम मोजावं लागतं. म्हणजे ६,३०० रिंगिट, जवळपास १ लाख ३९ हजार रुपये, पहिला पगार हातात यायच्या आधी. वीज, पाणी, इंटरनेट मिळून ४५०. तिथं बाराही महिने दमट उकाडा, एसीशिवाय मूल झोपत नाही. क्लांगच्या बाजूला लोकल आगगाडी आहे, पण कारखान्याच्या वेळा सांभाळायच्या तर गाडी लागतेच. जुन्या छोट्या गाडीचा हप्ता, टोल, पेट्रोल धरून १,१०० तरी जातील. पेट्रोलचंही एक आहे. सप्टेंबर २०२५ अखेर तिथल्या सरकारनं सवलतीचं पेट्रोल फक्त आपल्या नागरिकांसाठी लिटरला १.९९ रिंगिट या दरानं ठेवलं. परदेशी माणसाला बाजारभावानं भरावं लागतं. त्यामुळं जुने व्हिडिओ बघून खर्च मांडू नका.

खाण्याचं सांगते. बाहेर खाल्लं तर खरोखर स्वस्त आहे. कोपऱ्यावरच्या मामक, म्हणजे तमिळ मुसलमानांच्या हॉटेलात दोन रोटी चनाई (पराठ्यासारखी रोटी) आणि एक तेह तारिक (दुधाचा चहा) सात-आठ रिंगिटमध्ये होतं, आणि पोट भरतं. तमिळ वस्ती मोठी असल्यानं कढीपत्ता, डाळी, नारळ, इडलीचं पीठ, काही अडत नाही. अडतं ते दुधाशी. ताज्या दुधाच्या एका लिटरला आठ रिंगिटच्या आसपास मोजावे लागतात, म्हणजे पावणेदोनशे रुपये. माझी भावजय तिकडं राहायला गेली तेव्हा पहिल्या महिन्यात तिनं वहीत दुधाचाच हिशेब वेगळा लिहिला होता. रोज दीड लिटर, महिन्याला ३६० रिंगिट. ज्याच्या गावात म्हैस समोर उभी करून कट्ट्यावर धारोष्ण दूध देतात, त्याला हा आकडा बघून कसंतरी होतं. तिनं मग मुलाला सकाळी एक पेला ठेवला आणि स्वतःचा चहा कोरा केला. ज्वारीचं पीठ आणि कांदा-लसूण चटणी प्रत्येक जाणाऱ्या-येणाऱ्याच्या बॅगेतून मागवायची.

तिघांचं किराणा, भाजी, दूध, अधूनमधून बाहेरचं धरून १,८००. मुलीची बालवाडी ७००. फोन १००. डॉक्टर, कपडे, रविवारचं फिरणं ५५०. सगळं मिळून ६,५००. हातात ९,३००, उरले २,८००. त्याला आता बावीसनं गुणा. ६१,६०० रुपये. इथला हप्ता २२ हजार वजा करा. राहिले ३९,६००.

आज तुमच्याकडं काय राहतं? दोघांचे मिळून १ लाख १३ हजार, हप्ता २२ हजार, घरखर्च ४५ हजार धरला तर ४६ हजार.

दादा, हा आकडा पुन्हा वाचा. कुटुंबासह गेलात तर आजच्यापेक्षा कमी उरतं. आणि यात वर्षातून एकदा गावी येण्याची तीन तिकिटं धरलेली नाहीत.

कारण उघड आहे. नोकरी करणाऱ्याच्या पासवर कुटुंब म्हणून गेलेल्या जोडीदाराला तिथं परस्पर नोकरी करता येत नाही. बायकोचे २८ हजार बंद. ती गप्प आहे असं तुम्ही लिहिता. तिच्या पगाराचं काय, हे तिला कुणी विचारलं का? वर्गासमोर उभी राहणारी बाई तीन वर्षं दहाव्या मजल्यावर कपडे वाळत घालणार, आणि परत आल्यावर तिला पुन्हा शून्यापासून शाळा शोधावी लागणार. याची किंमत वहीत येत नाही, पण ती तिनं मोजलेली असणार. आज रात्री जेवण झाल्यावर मुलगी झोपली की वही तिच्यापुढं ठेवा आणि तिला बोलू द्या. मधे समजावायला जाऊ नका.

एकटे गेलात तर? खोली वाटून ९००, जेवण हजार, येणंजाणं ५००, बाकी सगळं ८००. बायको इथं कमावत असल्यानं तिच्यापोटीची सवलत जाईल, हातात ९,२०० धरा. ६,००० उरतात, म्हणजे १ लाख ३२ हजार. तिचे २८ हजार मिळवा, हप्ता आणि इथला ३० हजारांचा घरखर्च वजा करा. १ लाख ८ हजार. आजच्या दुपटीहून जास्त. म्हणजे जो फायदा मित्रांना दिसतोय तो वेगळं राहण्याचा मोबदला आहे. तो घ्यायचा की नाही हे मी ठरवणार नाही. पण मुलगी चारची आहे, करार संपेल तेव्हा सातची असेल. मी तुमच्या जागी असते तर तीन वर्षं एकटी राहिले नसते. सहा महिने राहिले असते.

मग मार्ग काय? मार्ग कंपनीकडं आहे. अजून सही झालेली नाही, तोवर तुमच्या शब्दाला वजन आहे. पगार वाढवून मागू नका, घर मागा. १,८०० रिंगिटचा फ्लॅट कंपनीनं भाड्यानं घेऊन दिला तर त्या सोयीवर कर लागतो, पण तुमच्या टप्प्यात तो महिन्याला साडेचारशेच्या आसपास. म्हणजे निव्वळ १,३५० रिंगिट वाचले, शिवाय साडेतीन महिन्यांची अनामतही कंपनीच्या अंगावर गेली. शिल्लक ४,१५०, रुपयांत ९१ हजार, हप्ता जाऊन ६९ हजार. आता हे जाण्यासारखं झालं. त्यासोबत वर्षातून एकदा कुटुंबाचं जाण्यायेण्याचं तिकीट मागा. कंपनीनं दिलेल्या परदेश प्रवासापैकी वर्षाला एका फेरीचे ३,००० रिंगिटपर्यंत करमुक्त असतात. तिघांचा वैद्यकीय विमाही मागा, कारण सरकारी दवाखान्यात परदेशी माणसाला तिथल्या नागरिकासारखे नाममात्र पैसे लागत नाहीत.

शाळेचं आताच विचारून ठेवा. बालवाडी निभते. पहिलीपासून मात्र परदेशी मुलांना बहुधा आंतरराष्ट्रीय शाळाच गाठावी लागते, आणि तिथली फी वर्षाला वीस हजार रिंगिटच्या पुढं सहज जाते. म्हणजे महिन्याला १,७०० वर. मुलगी सहाची होईल तेव्हा तुमच्या कराराचं तिसरं वर्ष सुरू असेल. त्या एका वर्षाच्या फीचा वाटा कंपनीनं उचलावा असं करारात घालून घ्या. नाहीतर जूनमध्ये मायलेकी इथं परतणार, असं आधीच ठरवा. ऐनवेळी ठरवायला गेलात तर भांडण होतं, आणि मूल ते ऐकतं.

पासचं एक नक्की तपासा. तिथं नोकरीच्या पासचे वर्ग पगारावर ठरतात. मुदत किती आणि कुटुंबाला नेता येतं का हे त्या वर्गावर अवलंबून असतं, आणि पगाराच्या मर्यादा अलीकडं बऱ्याच वर गेल्या आहेत. कोणत्या वर्गाचा पास काढणार, हे कंपनीकडून लेखी घ्या. पास त्या कंपनीशी बांधलेला असतो, म्हणून नोकरी गेली तर राहण्याचा हक्कही जातो. तसं झालं तर परतीचं तिकीट कोण देणार आणि नोटिशीचा पगार किती, हेही करारात हवं. "आधी पर्यटक म्हणून या, पास नंतर काढू" असं कुणी म्हणालं तर बॅग भरू नका. भारतीयांना तिथं तीस दिवस व्हिसाशिवाय जाता येतं, पण ते फिरण्यासाठी आहे, कामासाठी नाही.

आणि परत येतानाचं आताच सांगते, कारण तेव्हा घाईत कुणाला आठवत नाही. परदेशी कर्मचारी देश सोडणार असेल तर कंपनीला कर खात्याला निदान तीस दिवस आधी कळवावं लागतं, आणि कर चुकता झाल्याचं पत्र मिळेपर्यंत किंवा नव्वद दिवस तुमचे देणं असलेले पैसे रोखून धरावे लागतात. म्हणजे शेवटचा पगार हातात नसताना सामान बांधायचं. मावसभावानं परत येताना हे लक्षात ठेवलं होतं, दोन महिन्यांचा खर्च वेगळा काढला होता.

इथल्या बाजूचं चटकन सांगते. जाण्याआधी बँकेत जाऊन तुमचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या पैशांचं खातं, करून घ्या, आणि तिथून पैसे पाठवायला एनआरई, म्हणजे परदेशी कमाईचं खातं, उघडा. एनआरईवरच्या व्याजाला इथं कर नाही, एनआरओवरच्या व्याजातून ३० टक्के कापून घेतात. साधं खातं तसंच चालवलं तर ते नियमाविरुद्ध आहे. पीपीएफ असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पुढं वाढवता येत नाही. ११ वर्षांची ग्रॅच्युइटी हक्काची आहे, राजीनाम्यासोबतच अर्ज द्या. आई-वडिलांचा आरोग्य विमा एक दिवसही खंडित होऊ देऊ नका.

राहता राहिले वीस गुंठे. वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि हे नीट समजावून सांगा. एकदा तुम्ही अनिवासी झालात की परकीय चलनाच्या कायद्यानुसार तुम्हाला शेतजमीन विकत घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, दुकानगाळा घेता येतो, शेतजमीन, मळा, फार्महाऊस नाही. आधीपासून सातबारावर नाव असेल तर ती जमीन ठेवता येते, वारसानं आलेलीही ठेवता येते. म्हणून जमीन घ्यायचीच तर दोन वाटा आहेत. एक, जाण्याआधी स्वतःच्या नावावर. पण त्यासाठी आता कर्ज काढाल, आणि पहिल्या सहा महिन्यांचं तुमचं गणित मी वर मांडलं आहे, त्यात दुसरा हप्ता बसत नाही. दुसरी, वडिलांनी स्वतःच्या नावावर घ्यावी आणि तुम्ही त्यांना पैसे पाठवावेत. मुलानं बापाला दिलेल्या पैशांवर कर नाही.

पण वडिलांच्या नावावर घेतलेली जमीन ही वडिलांची. त्यांच्या पश्चात मृत्युपत्र नसेल तर ती तुमच्या आईत, तुमच्यात आणि बहीण-भाऊ असतील तर त्यांच्यातही सारखी वाटली जाणार, पैसे कुणाचे होते हे न बघता. त्यात चूक काहीच नाही, तो बहिणीचा हक्क आहे. फक्त ते आज सगळ्यांना माहीत असू द्या. "माझ्या मलेशियाच्या पैशाची जमीन" असं म्हणत दहा वर्षांनी बहिणीशी बोलणं तोडलेली माणसं मी या ऑफिसात बसलेली पाहिली आहेत. पैसे पाठवायच्या आधी भावंडांना एकत्र बसवा. वडिलांना मृत्युपत्र करायचं असेल तर ते त्यांच्या मर्जीनं, सगळ्यांसमोर करू दे.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. कंपनीनं घर दिलं आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बोलावलं, तर जा. पहिले सहा महिने एकटे काढा, ३० टक्क्यांचे महिने तेवढ्यात सरतील. दिवाळीचे १४ दिवस घरी या, बायकोला शाळेचं वर्ष पूर्ण करू द्या, आणि मे महिन्यात दोघींना तिकडं बोलावून घ्या, अर्थात तिची तयारी असेल तर. घर दिलं नाही तर त्यांना नम्रपणे नाही म्हणा. शिरोलीत तुमच्या हाताला किंमत आहे, ११ वर्षांच्या क्वालिटीच्या माणसाला शाह आलमशिवाय वाट नाही असं नाही.

ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी त्याची प्रत मला पाठवा. पगाराचं पान नको, शेवटची दोन पानं पाठवा. नोटीस, परतीचं तिकीट आणि बाँड या गोष्टी बहुधा तिथंच असतात.